अंगणातून पटांगणात

गाव निजलं की तो तरुण कंदील घेऊन घराबाहेर पडायचा. काळ १८८० च्या दशकातला, जागा ओकिनावा बेट. शुरी ही जुनी राजधानी आणि नाहा हे बंदर, या दोहोंच्या मध्ये आझातो नावाचं गाव होतं. तिथल्या सरदाराच्या घरामागच्या अंगणात तो रोज रात्री हजर होई. सरदार आझातो आंको ओटीवर ताठ बसलेले असत, शेजारी मंद दिवा. तरुण अंगणात उभा राहून हालचालींचा एक ठरलेला क्रम करून दाखवी. क्रम संपला की थांबून कानोसा घेई. ओटीवरून बहुतेक वेळा एकच हुकूम येई, पुन्हा कर. मग पुन्हा. घामानं डोळे चुरचुरत, समोरचा दिवा धूसर होई, तरी पुन्हा. किती तरी रात्रींनंतर कधी एकदा ‘बरं’ एवढा शब्द कानावर पडे. तेवढ्यावर तो पहाटे घरी परते. शेजाऱ्यांनी त्याला असा तांबड्या डोळ्यांनी परतताना पाहिलं होतं. पोरगं बदनाम वस्तीत जातंय, असा त्यांचा पक्का समज झाला.

या तरुणाचं नाव फुनाकोशी गिचिन. कराटे टोकियोत नेऊन रुजवणारा माणूस म्हणून पुढे जग त्याला ओळखू लागलं, आणि शेजाऱ्यांच्या संशयाची ही गोष्ट त्यानंच म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवली. नाइहांची नावाच्या कातेचे तीन भाग शिकायला आपल्याला दहा वर्षं लागली, हेही त्यानं लिहिलंय. काता म्हणजे ठोसे, अडवणी, लाथा आणि पवित्रे यांची एकट्यानं करायची बांधीव मालिका. जुनं कराटे जवळजवळ सगळं कातांमध्येच साठवलेलं आहे.

आता दुसरं चित्र आपल्या ओळखीचं. पुण्यात, ठाण्यात, नाशकात कुठल्याही शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली तीस-चाळीस मुलं रांगांत उभी असतात. सर ‘इचि, नी, सान’ असं जपानीत मोजतात, प्रत्येक आकड्याला सगळ्या मुठी एकदम पुढे येतात. काही महिन्यांनी परीक्षा होते, कंबरेचा पट्टा रंग बदलतो.

या दोन चित्रांमध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांचंच अंतर आहे. एवढ्या काळात ठोसा फारसा बदलला नाही, तो शिकवायची रीत मात्र मुळापासून बदलली. ती कुणी बदलली, कशासाठी बदलली आणि त्यात काय हातचं गेलं, त्याची ही हकीकत.

घरातली विद्या

कराटेच्या जन्माची एक गोष्ट सिनेमांनी आणि क्लासांच्या माहितीपत्रकांनी घरोघर पोचवली आहे. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा प्रांताच्या सामुराईंनी बेट जिंकलं, लोकांची शस्त्रं काढून घेतली, मग गरीब शेतकऱ्यांनी हातापायांनाच शस्त्रं केलं. गोष्ट झकास आहे. पण ज्या जुन्या गुरूंची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत, ते बहुतेक शेतकरी नव्हतेच. मात्सुमुरा सोकोन राजाच्या पदरी होते. त्यांचे शिष्य इतोसू आंको दरबारात लेखनिक होते. आझातो सरदार होते. मोतोबू हे तर राजघराण्याची शाखा. ही विद्या प्रामुख्यानं पागोटेवाल्यांची होती. नांगरवाल्यांशी तिचा संबंध फार थोडा.

ओकिनावा तेव्हा जपानचा जिल्हा नव्हता, ते र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. १३७२ पासून त्याचे चीनशी खंडणीचे आणि व्यापाराचे संबंध होते. नाहाजवळच्या कुमे वस्तीत चिनी वंशाची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. चीनमधल्या फूचौ शहरात र्‍युक्यूची वखार होती, तिथे व्यापारी, दुभाषे आणि विद्यार्थी यांची ये-जा असे. बेटावरच्या हातघाईला लोक ‘ती’, म्हणजे नुसतं हात, म्हणत. तिच्यात फूचौकडची कुस्ती-मुष्टीची विद्या मिसळली, तेव्हा तिला ‘तोदी’ नाव पडलं. त्याचा अर्थ चिनी हात. कराटे हे त्याच अक्षरांचं जपानी वाचन.

ही विद्या घरातच राहायची. गंमत अशी की मोठ्या घरातही ती सगळ्यांना मिळत नसे. मोतोबू घराण्याची खास विद्या फक्त थोरल्या मुलाला द्यायची प्रथा होती. चोकी हा तिसरा मुलगा. घरात दार बंद, म्हणून त्यानं बाहेरचे गुरू गाठले, आणि शिकलेलं खरं की खोटं ते ताडून पाहायला नाहाच्या त्सुजी वस्तीत रात्री मारामाऱ्या उकरून काढल्या. पुढे वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यानं क्योतोत एका परदेशी मुष्टियोद्ध्याला लोळवलं. १९२५ मध्ये ‘किंगू’ या खपाच्या मासिकानं ती हकीकत छापली, पण चित्रात चेहरा काढला तो फुनाकोशींचा. थोरल्या भावामुळे आधी घरची विद्या हुकली, आता चित्रकारामुळे कीर्तीतही वाटेकरी आला.

१८७९ मध्ये जपाननं र्‍युक्यूचं राज्य खालसा केलं. राजा शो ताई याला टोकियोला नेलं, बेट ओकिनावा जिल्हा झालं. दरबारी घराण्यांचे तनखे आटले. पुरुषांच्या डोक्यावरची जुन्या वळणाची शेंडी कापायची की राखायची, यावरून घराघरांत भांडणं पेटली. फुनाकोशींच्या घरीही पेटलं. शेंडी राखली असती तर सरकारी नोकरी मिळणार नव्हती. त्यांनी ती कापली, १८८८ मध्ये शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले, आणि घरच्यांचा रोष पत्करला. राजाच बेटावर उरला नव्हता, तेव्हा राजाच्या रक्षणासाठी जपलेली विद्या कुणासाठी जपायची, हा प्रश्न आता सगळ्याच गुरूंपुढे उभा होता.

इतोसूंचं पत्र

उत्तर इतोसूंनी दिलं. १९०१ मध्ये शुरीतल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी कराटे शिकवायला सुरुवात केली. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९०५ पासून जिल्ह्याची पहिली माध्यमिक शाळा आणि शिक्षक प्रशिक्षण विद्यालय इथेही ते शिकवू लागले. १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी शिक्षण खात्याला दहा कलमांचं एक पत्र लिहिलं. कराटेच्या इतिहासात त्याच्या तोडीचा दुसरा कागद नाही.

पत्र वाचताना मौज वाटते. जुन्या दरबारातला हा लेखनिक नव्या सरकारला काय रुचेल ते नेमकं ओळखून आहे. दुसऱ्याच कलमात नेपोलियनला हरवणारा इंग्रज सेनापती वेलिंग्टन येतो. लढाई शाळेच्या मैदानावरच जिंकली जाते, या त्याच्या नावावर चालणाऱ्या उक्तीचा दाखला इतोसू देतात. मुलांना लहानपणापासून कराटे शिकवलं तर पुढे ती सैन्यात उपयोगी पडतील, हा त्यांचा मुद्दा. त्याच पत्रात जुन्या अंगणातली काटेकोर शिकवणही आहे. माकिवारा या जमिनीत पुरलेल्या फळीवर रोज शंभर-दोनशे ठोसे मारावेत. उभं राहताना पाठ सरळ, खांदे खाली, जोर पायांत असावा. काता करताना खरोखरीच लढतोय अशी नजर ठेवावी. प्रत्येक हालचाल कशासाठी आहे ते समजून घेऊन तिचा सराव करावा. आणि शेवटी व्यवहार. प्रशिक्षण विद्यालयात शिक्षकांना हे शिकवलं तर ते गावोगावच्या शाळांत नेतील आणि दहा वर्षांत देशभर पसरेल, असा हिशोब त्यांनी मांडला.

मुलांसाठी इतोसूंनी पाच छोट्या काता बांधल्या. त्यांचं नाव पिनान, अर्थ शांत आणि सुरक्षित. मोठ्या, जुन्या कातांमधले तुकडे घेऊन, मुलांना झेपतील अशा रचून त्या तयार केल्या. महाराष्ट्रात फुनाकोशींच्या शोतोकान पद्धतीच्या वर्गात मूल बहुधा सगळ्यात आधी जी काता शिकतं ती यातलीच एक, फक्त नाव बदललेलं.

रांगा लावायचं काम मात्र बहुतांशी इतोसूंच्या एका शिष्यानं केलं. याबू केंत्सू हा सैन्यात गेलेला ओकिनावाचा माणूस. १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धात तो लढला. परतल्यावर तो प्रशिक्षण विद्यालयात कराटे शिकवू लागला आणि वर्गात छावणीची शिस्त आली. सावधान, नमस्कार, रांगेत अंतर, हुकमावर हालचाल, आकड्यांवर ठोसे. जपानी शाळांत तेव्हा लष्करी कवायत रोजचीच होती, त्यामुळे हे कुणाला वेगळं वाटलं नाही.

इथे शिकवण्याचा कणाच बदलला. अंगणात गुरूच्या नजरेसमोर एकच देह असे. टाच किती उचलली, श्वास कुठे अडकला, खांदा कधी चढला, हे तो पाही आणि तेवढंच बोले. पन्नास मुलांपुढे उभ्या मास्तराला हे जमणार कसं? त्याला एवढंच दिसतं की सगळ्यांचे हात एकाच वेळी पुढे आले की नाही. मग कातेतल्या हालचालीचा अर्थ, म्हणजे हे अडवणं आहे की मनगट पिरगाळणं, हा ठोसा आहे की मान पकडून ओढणं, हे मागे पडलं. मुलांच्या हातात काता आली, तिची गुरुकिल्ली बहुतेक वेळा गुरूच्या कनवटीलाच राहिली. इतोसूंनी मात्र आपल्या पत्रात हालचालीचा उपयोग समजून घेण्यावर भर दिला होता. म्हणजे धोका कुठे आहे ते या म्हाताऱ्याला दिसत होतं.

तीन पावलं, वर्षानुवर्षं

शुरीत शाळा भरत होती तेव्हा खाली नाहा बंदरात हिगाओन्ना कानर्यो शिकवत होते. तरुणपणी ते फूचौला गेले आणि तिथे रू रू को या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गुरूकडे शिकून आले. १९०५ च्या सुमारास नाहाच्या व्यापारी शाळेत त्यांनीही मुलांना शिकवलं. पण घरच्या अंगणात ते जुन्याच रीतीनं वागले.

१९०२ मध्ये चौदा वर्षांचा मियागी चोजुन त्यांच्याकडे आला, तो सधन घरातला. आधी गुरूच्या घरची पडेल ती कामं करायची, माणूस टिकतो का ते पाहायचं, मग शिकवणी, असं सांगतात. शिकवणी सुरू झाली तीही सांचिन नावाच्या कातेपासून, आणि तिच्यावरच वर्षानुवर्षं थांबली. आपल्याकडे जुने गवई शिष्याला महिनोन्‌महिने नुसता षड्ज लावायला लावत, त्याच जातीचं हे काम.

बाहेरून पाहिली तर सांचिन काहीच नाही. तीन पावलं पुढे, वळणं, पुन्हा पावलं, संथ ठोसे. पण जवळ जाऊन पाहावी. पाय खांद्याएवढे फाकलेले, पुढच्या पायाचा अंगठा किंचित आत वळलेला, बोटांनी जमीन पकडलेली. गुडघे आत आवळलेले, ढुंगण खाली ओढलेलं, पोट घट्ट. कोपरं बरगड्यांपासून एका मुठीच्या अंतरावर. श्वास नाकानं ओटीपोटापर्यंत जातो आणि घशातून घासत, ठोशाबरोबर बाहेर येतो. शिष्य उघड्या अंगानं करतो, कारण गुरूला पाठीवरचे स्नायू दिसायला हवेत. मग गुरू भोवती फिरू लागतो. दोन्ही तळवे खांद्यांवर खाडकन आदळतो, जोर तिथे चढलाय की पाठीत उतरलाय ते कळतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहात मारतो. ठोसा पुढे गेला की मनगट धरून ओढतो, कोपर मोकळं आहे का पाहतो. पाय हलला की पुन्हा पहिल्यापासून. हे पाहणं एका वेळी एकाचंच होऊ शकतं. आकड्यांवर सांचिन घेता येते, तपासता येत नाही.

सांचिनच्या जोडीला अवजारं असत, आणि ती बाजारात मिळत नसत. बहुतेक घरीच बनत. माकिवारा म्हणजे जमिनीत पुरलेली फळी, बुडाशी जाड, वर पातळ होत गेलेली, शेंड्याला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली. मुठीच्या पहिल्या दोन गाठी तिच्यावर आदळल्या की ती मागे झुकते आणि ठोसा परत करते. चीइशी म्हणजे गोल दगडात बसवलेला लाकडी दांडा. एका हातानं दांडा धरून तो डोक्याभोवती आणि छातीपुढे फिरवायचा. आपल्या तालमीतला मुद्गल पाहिलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. निगिरी गामे म्हणजे रुंद कडेची मडकी. नुसत्या बोटांच्या पेरांनी कडा धरून, हात लांब ठेवून, सांचिनच्या पावलांनी चालायचं. चालता येऊ लागलं की मडक्यात वाळू भरायची, मग आणखी वाळू. १९३४ मध्ये मियागी हवाई बेटांवर गेले, तिथल्या कुस्तीगीरांकडे लांबट लोखंडी कडं पाहिलं आणि परतल्यावर तसंच कोंगोकेन आपल्या अंगणात आणलं. परंपरा म्हणजे काय, याचं उत्तर या कड्यात आहे. उपयोगाची गोष्ट दिसली तर ती कुठून आली हे मियागींनी विचारलं नाही.

१९१५ मध्ये हिगाओन्ना आणि इतोसू दोघेही वारले. पुढे मियागींनी आपल्या पद्धतीला गोजू-र्‍यू नाव दिलं. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ. आपल्या लेखनात त्यांनी सरावाची नीट विभागणी केली. आधी अंग मोकळं करणं, मग सांचिनसारख्या मूळ काता, अवजारांचा व्यायाम, पुढच्या काता, शेवटी दोघांचा सराव. एरवी प्रत्येक शिष्याचा बांधा पाहून त्याला सांचिनशिवाय एखाद-दोन काताच द्याव्यात, ही त्यांची रीत असल्याचं शिष्य सांगत. त्याच मियागींनी १९४० च्या सुमारास शाळेतल्या मुलांसाठी एक सोपी काता बांधली. तिचं नाव गेकिसाई. अंगणातल्या सगळ्यात कडक गुरूलाही पटांगणासाठी काही तरी द्यावंच लागलं.

गप्प राहिलेला माणूस

तिसरी वाट उएची कानबुन यांची. हे शेतकऱ्याच्या घरातले. १८९७ मध्ये, वयाच्या विशीत, ते फूचौला गेले. पुढच्याच वर्षी ओकिनावात सक्तीची लष्करभरती लागू झाली. ती चुकवण्यासाठी बेट सोडणारे तरुण तेव्हा थोडे नव्हते. फूचौत तेरा वर्षं राहून, झौ झीहे या गुरूकडे शिकून १९१० मध्ये ते परतले आणि शेती करू लागले. शिकवा म्हणून लोक मागे लागले तर नकार. त्यांच्या चीनमधल्या एका शिष्याच्या हातून माणूस मेला, त्याचं ओझं ते वाहत होते, असं त्यांच्या परंपरेत सांगतात.

१९२४ मध्ये पोट भरायला ते जपानच्या वाकायामा शहरात गेले आणि कापड गिरणीत नोकरीला लागले. तिथे ओकिनावाच्या कामगारांना हिणवलं जाई, मारहाणही होई. शेजारी राहणारा तोमोयोसे र्‍युयू हा गाववाला चतुर निघाला. मला शिकवा असं तो म्हणालाच नाही. कुणी असं धरलं तर काय करावं, कुणी असा वार केला तर, असे साधे प्रश्न तो अधूनमधून विचारत राहिला. उत्तरं ऐकता ऐकता समोर कोण बसलाय ते त्याला कळून चुकलं. शेवटी उएचींनी होकार दिला तोही अटीवर. मोजकी माणसं, घराच्या आत, आणि बाहेर चकार शब्द नाही. जगात आज उएची-र्‍यू म्हणून शिकवली जाते ती विद्या गिरणी कामगारांच्या एका खोलीतून निघाली.

पट्टा आणि कोरी अक्षरं

१९२२ मध्ये टोकियोत शारीरिक शिक्षणाचं एक राष्ट्रीय प्रदर्शन भरलं. ओकिनावाच्या वतीनं फुनाकोशी गेले आणि तिथेच राहिले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मेइसेइजुकू वसतिगृहात त्यांना एक लहान खोली मिळाली. मोबदल्यात खोल्या झाडायच्या, बाग राखायची, पहारा द्यायचा. एकदा एक पत्रकार आला आणि अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारू लागला, कराटेचे गुरू कुठे आहेत? म्हातारा आत गेला, कपडे बदलून आला आणि म्हणाला, मीच फुनाकोशी.

ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकाला बोलावलं. पुढे ज्युदोचा पांढरा पोशाख आणि दर्जाचे पट्टे कराटेत आले. १९२४ मध्ये फुनाकोशींनी पहिल्या दर्जाची प्रमाणपत्रं दिली, त्याच वर्षी केइओ विद्यापीठात कराटेचा क्लब सुरू झाला. विद्यार्थी तरुण, हुशार आणि घाईचे. तीन कातांना दहा वर्षं त्यांना परवडणारी नव्हती. पदवी चार वर्षांत संपते. त्यांना एकमेकांशी मोकळी लढत हवी होती, आणि फुनाकोशींना ती नको होती. शेवटी विद्यार्थ्यांचंच खरं झालं.

नाव बदलणंही याच काळातलं. जपानीत ‘करा’ असा उच्चार असलेली दोन अक्षरं आहेत, एकाचा अर्थ चीन, दुसऱ्याचा रिकामं. हानाशिरो चोमो यांनी १९०५ मध्येच ‘रिकामा हात’ असं लिहिलं होतं. पण चीनशी वैर वाढत गेलं तसं ‘चिनी हात’ हे नाव अडचणीचं ठरू लागलं. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी र्‍युक्यू शिम्पो या वृत्तपत्राच्या पुढाकारानं नाहामध्ये बैठक झाली. हानाशिरो, क्यान चोतोकू, मोतोबू चोकी, मियागी, चिबाना चोशिन असे दिग्गज आले. रिकामा हात ठरला. उच्चार तोच राहिला आणि चीन पुसला गेला. आज ओकिनावा जिल्हा तो दिवस कराटे दिन म्हणून पाळतो. तिकडे टोकियोत फुनाकोशींनी कातांची नावंही जपानी केली. पिनानचं हेइआन झालं, नाइहांचीचं तेक्की.

राखेवरचं अंगण

१ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी फौजा ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरल्या. पुढचे तीन महिने ओकिनावाचे लोक ‘पोलादी वादळ’ म्हणून आठवतात. शुरीचा राजवाडा ढिगाऱ्यात गेला. माबुनीच्या टेकडीवरच्या स्मारकशिळांवर दोन लाख चाळीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. जपानी, अमेरिकी, कोरियन, आणि सगळ्यांत जास्त ओकिनावाची स्वतःची. क्यान चोतोकू युद्धातून वाचले, पण सप्टेंबरमध्ये इशिकावाच्या निर्वासित छावणीत वारले. मियागींचा वारस समजला जाणारा शिंझातो जिनआन युद्धात मारला गेला. मियागींनी स्वतःची मुलंही गमावली.

वाचलेल्यांनी पुन्हा अंगण झाडलं. नाहाच्या त्सुबोया या कुंभारवस्तीत मियागी घरामागे पुन्हा शिकवू लागले. छप्पर नाही, फळ्यांची जमीन नाही, फक्त अंगण, माकिवारा आणि दगड. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते वारले. काळा पट्टा त्यांनी हयातभर कुणालाही दिला नाही, असं त्यांचे शिष्य सांगत. पुढे त्यांची अवजारं मियाझातो एइइची यांनी उभारलेल्या जुंदोकान या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, गेली. तो दोजो आहे नाहाच्या आझातो भागात. फुनाकोशी कंदील घेऊन जात, तेच आझातो.

बेट १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. छावण्यांतले जवान दोजोत येऊ लागले. मजबूत, शिकायला तयार, पण मुक्काम वर्ष-दीड वर्षाचा. घरी जाताना हातात काही तरी हवं. त्यांच्याकडे डॉलर होते आणि बेटावर उपासमार होती. १९५६ मध्ये शिमाबुकू तात्सुओ यांनी इश्शिन-र्‍यू ही नवी पद्धत स्थापन केली, तिचे बरेच शिष्य अमेरिकी मरीन सैनिक होते. ते मायदेशी परतले आणि कराटे अमेरिकेच्या गावोगावी गेलं. ओकिनावाच्या गुरूंना त्यासाठी दोष देता येत नाही. पोट होतं, आणि विद्या मरू द्यायची नव्हती. पण दहा वर्षांचं काम वर्षात कोंबलं की पट्टा पुढे जातो आणि सांचिन मागे राहते, हेही तितकंच खरं आहे.

अंगण मोडलं म्हणून हळहळणाऱ्यांनी एक हिशोब करून पाहावा. १९४५ नंतर विद्या केवळ अंगणात असती तर क्यान गेले, शिंझातो गेले तेव्हाच ती बरीचशी संपली असती. ती शाळांत, विद्यापीठांत, वाकायामाच्या गिरणीच्या खोलीत पसरली होती म्हणून तरली. रांगेनं कराटे पातळ केलं आणि रांगेनंच ते वाचवलं. इतोसूंचं पत्र नसतं तर आज पातळ झालं म्हणून खंत करायलाही काही उरलं नसतं.

आणि अंगण पुरतं मोडलंही नाही. ओकिनावात आजही असंख्य दोजो घराच्या तळमजल्यावर किंवा मागच्या पडवीत आहेत. शिष्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०१७ मध्ये तोमिगुसुकू इथे भव्य कराटे भवन उभं राहिलं, जगभरचे विद्यार्थी तिथे येतात. पण त्यातले कित्येक जण मग एखाद्या गल्लीतल्या दोजोत जातात. तिथे कुणी आकडे मोजत नाही. गुरू कोपऱ्यात उभा राहून बघतो आणि म्हणतो, पुन्हा.

६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या बुदोकानमध्ये, महासाथीमुळे रिकाम्या ठेवलेल्या सभागृहात, ऑलिंपिकच्या काता स्पर्धेची अंतिम फेरी झाली. ओकिनावाचा कियुना र्‍यो एकटाच मॅटवर उभा राहिला. समोर सात परीक्षक. त्यानं ओहान दाई ही काता केली आणि सुवर्णपदक जिंकलं. ओकिनावाच्या खेळाडूला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. पदक स्वीकारताना त्याच्या हातात दिवंगत आईचा फोटो होता. त्याचे गुरू साकुमोतो त्सुगुओ हे स्वतः तीन वेळा जगज्जेते, आणि त्यांची परंपरा र्‍यूएई-र्‍यू. एकोणिसाव्या शतकात फूचौहून आलेली ही विद्या नाहातल्या नाकाइमा घराण्यात बापाकडून मुलाकडे जात राहिली. नाकाइमा केनको यांनी ती पहिल्यांदा बाहेरच्या शिष्यांना शिकवायला घेतली ती १९७१ मध्ये. त्या पहिल्या शिष्यांत बरेच जण शाळेतले मास्तर होते.